पिसोरी : सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर एखादा व्हिडिओ फिरतो, त्यात बोटभर जाडीच्या पायांचं इवलंसं हरीण असतं आणि पुढचे चार दिवस आमच्याकडे त्याचेच प्रश्न येत राहतात. पावसाळा लागला की त्यात "शेतात पिल्लू सापडलंय" अशा फोनांची भर पडते. शाळांतून येणारे प्रश्न वेगळेच असतात आणि बऱ्याचदा तेच सगळ्यात चांगले असतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल आणि प्राणी समोर असेल, तर आधी प्रश्न ८ वाचा.

१. पिसोरी म्हणजे नेमका कोणता प्राणी?

भारतात आढळणारा सर्वांत लहान खुरांचा प्राणी. काही पुस्तकांत त्याला मूषकहरीण म्हटलेलं दिसेल, सह्याद्रीत काही ठिकाणी गेळा म्हणतात. शास्त्रीय नाव मोस्किओला इंडिका. अंग तपकिरी-करडं, बाजूंवर पांढरट ठिपके आणि ते एकमेकांना जोडले जाऊन झालेले तुटक पट्टे, गळ्यावर पांढऱ्या रेघा. शेपूट असून नसल्यासारखी. नराला नाही आणि मादीलाही नाही, शिंगं कोणालाच नसतात. जंगलात राहतं, एकटं राहतं आणि बहुतेक वेळ रात्रीच हिंडतं.

२. केवढं असतं? फोटोत तर पिल्लूच वाटतं.

पूर्ण वाढ झालेल्या पिसोरीची खांद्याजवळची उंची २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी. वजन साधारण ३ किलो. आपल्याकडच्या रानसशाचं वजनही जवळपास तेवढंच भरतं.

पिल्लू वाटण्याचं कारण उंचीइतकंच ठेवणीतही आहे. पाठ कमानीसारखी वाकलेली, मागचा भाग खांद्यापेक्षा उंच, मान आखूड, डोकं खाली. हरणाच्या पाडसाचे पाय अंगाच्या मानाने लांबलचक असतात आणि ते त्यांवर धडपडतं. पिसोरीचे पाय बारीक असले तरी अंगाला शोभतील एवढेच आखूड असतात आणि चाल अगदी सावध, टोकांवर पाय ठेवल्यासारखी असते. फोटो बघताना आधी पायांची लांबी आणि पाठीची कमान बघा, ठिपके नंतर.

३. मग हे हरीण आहे की नाही?

बोलीभाषेत आहे, प्राणिशास्त्रात नाही. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं, त्यांच्या नरांना दरवर्षी गळून पुन्हा येणारी शिंगं असतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग, त्यांची शिंगं पोकळ आणि कायमची. पिसोरीचं कुळ या दोघांपासून वेगळं आहे, ट्रॅग्युलिडी नावाचं. त्यात आज जगभरात जेमतेम दहाच जाती उरल्या आहेत. बहुतेक दक्षिण आणि आग्नेय आशियात, एक आफ्रिकेत.

फरक नुसत्या शिंगांचा नाही. गाय, शेळी, काळवीट या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पिसोरीही रवंथ करतं, पण त्याचा तिसरा कप्पा जवळजवळ तयारच झालेला नसतो, म्हणून अभ्यासक त्याचं पोट तीन कप्प्यांचं धरतात. पायाची रचनाही जुनी आहे. चालताना मधली दोन बोटं टेकतात, पण बाजूच्या दोन बोटांची हाडंही पूर्ण असतात, डुकराच्या पायात असतात तशी. खऱ्या हरणांत ही बाजूची हाडं झिजून गेली आहेत. या कुळातल्या प्राण्यांचे जीवाश्म हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत सापडले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे कुळ आफ्रिका, युरोप आणि आशियात पसरलेलं होतं. पुढे मोठी, वेगवान, शिंगवाली हरणं आणि कुरंग आले आणि मोकळी मैदानं त्यांनी घेतली. गर्द झाडीत, आडोशाला जे लहानगे राहिले ते अजून टिकून आहेत.

४. मूषकहरीण म्हणतात, तर उंदराशी काही नातं?

काहीही नाही. नाव आकारावरून आणि सुळकन निसटण्यावरून पडलं आहे.

५. शिंगं नाहीत, मग नराच्या तोंडातून बाहेर आलेले सुळे कशासाठी?

त्यासाठीच, म्हणजे शिंगांच्या जागी. वरच्या जबड्यातले हे सुळे नरात लांब वाढतात आणि खालच्या ओठाच्या बाहेर डोकावतात. मादीत ते लहान राहतात. दोन नरांत झटापट झाली की याच सुळ्यांनी मानेवर, खांद्यावर ओरखडे पडतात. शिकार करायला किंवा मांस खायला ते नाहीत. माणसाला त्यांचा धोका नाही, कारण माणसाची चाहूल लागल्यावर पिसोरी तिथे थांबतच नाही. हाताने धरायला गेलात तर मात्र चावा बसेल. धरायचं का नाही ते प्रश्न १७ मध्ये आहे.

६. सोलापूर जिल्ह्यात पिसोरी आहे का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून कारणही देतो.

पिसोरीला जमिनीलगत दाट आडोसा लागतो. झुडपांचं जाळं, पडलेले ओंडके, झाडांच्या ढोल्या, खडकांच्या कपारी, पाचोळा आणि वर्षभर जवळपास पाणी. आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे. इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोयनानगर-नवजा भागात तो पाच हजारांच्या आसपास जातो. आपल्याकडे पवन्या, मारवेल, कुसळीचा माळ आहे, मधूनमधून बोरी-बाभळी आहेत, ओढ्याकाठी थोडी गर्दी आहे. हे काळविटाचं, लांडग्याचं, खोकडाचं घर आहे. उघड्यावर दूरवर बघून पळणाऱ्याला ते मानवतं. दबून बसून जीव वाचवणाऱ्याला इथे दबायला जागाच नाही.

७. पण नान्नजजवळ रात्री गाडीच्या उजेडात मी स्वतः इवलंसं हरीण पाहिलं. ते काय होतं मग?

तुम्ही पाहिलं यात शंका नाही, फक्त ते पिसोरी नव्हतं. आमच्याकडे आलेल्या अशा नोंदी तीन प्राण्यांपैकी एकावर येऊन थांबतात.

पहिला, काळविटाचं पाडस. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते माळढोक पक्ष्यासाठी, पण त्या संरक्षणाचा मोठा फायदा काळविटांना झाला. आज उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत शेतातसुद्धा कळप दिसतात. आठ-पंधरा दिवसांचं पाडस अंधारात एकटं दिसलं की ते वेगळीच जात वाटणं साहजिक आहे. पण काळविटाच्या पाडसाच्या अंगावर ठिपके नसतात. रंग सपाट, फिकट तपकिरी. पिसोरीचे ठिपके मात्र आयुष्यभर राहतात, ते पिल्लूपणाचे ठिपके नव्हेत.

दुसरा, चिंकारा. पूर्ण वाढलेला चिंकारा खांद्याजवळ ६५ सेंटीमीटर आणि २० किलोच्या पुढे असतो, म्हणजे पिसोरीच्या दुपटीहून उंच आणि कितीतरी पट जड. पण तो बारीक अंगाचा असल्यामुळे काळविटाची सवय असलेल्या नजरेला फारच छोटा वाटतो. चेहऱ्यावर डोळ्यापासून नाकाकडे उतरणारी गडद रेघ आणि सतत हलणारी काळी शेपटी दिसली तर तो चिंकाराच. दोघांचे पळण्याचे प्रकारही बघा. काळवीट-चिंकारा उघड्यावर, उड्या घेत, लांब जातात आणि दूर जाऊन वळून बघतात. पिसोरी जागच्या जागी गोठतं आणि मग वाकूनच झुडपात शिरतं. झुडूप नसलेल्या रस्त्याकडेला ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरा, साधा ससा. कान मागे पाडून उजेडापुढे धावणारा ससा मागून बघितला तर भलतंच काहीतरी वाटतो. वजन सारखंच असल्यामुळे आकाराचा अंदाज बरोबर येतो आणि ओळख चुकते.

गाडी चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जनावर दिसलं की दिवे मंद करा, वेग कमी करा आणि ते जाईपर्यंत थांबा. प्रखर उजेडात त्यांना वाट दिसत नाही, ती गाडीच्या दिशेनेच पळतात.

८. शेतात एकटंच पाडस बसलेलं सापडलं. आई दिसत नाही. घरी आणू का?

आणू नका. हात लावू नका. दहापैकी नऊ वेळा ते अनाथ नसतं.

काळवीट आणि चिंकारा यांच्या माद्या पहिले काही दिवस पिल्लाला गवतात किंवा पिकात दडवून ठेवतात आणि स्वतः लांब चरतात. जवळ राहिल्या तर लांडग्या-कुत्र्यांना पत्ता लागेल. दिवसातून काही वेळा येऊन पाजतात आणि पुन्हा निघून जातात. तुरीच्या दोन ओळींमध्ये असं पाडस मी जवळून पाहिलं आहे. हनुवटी मातीला टेकवलेली, कान मानेवर चिकटवलेले, पाय पोटाखाली, नाकपुडीसुद्धा हलताना दिसत नव्हती. डोळे मात्र टक्क उघडे. त्या स्थितीला लोक "आजारी आहे, उठतच नाही" असं समजतात आणि उचलून नेतात. ते न उठणं हीच त्याची तब्येत ठीक असल्याची खूण आहे.

म्हणून मागे सरका, कुत्री आवरा, खुरपणी किंवा मशागत चालू असेल तर त्या दिवशी तेवढा तुकडा सोडून द्या. आई संध्याकाळपर्यंत किंवा रात्री येते. "माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते" असं सांगितलं जातं. खरी अडचण वासाची नसून जागा बदलण्याची असते. आई जिथे ठेवून गेली तिथे येते आणि पिल्लू तुमच्या पडवीत असतं.

जखम दिसत असेल, अंगावर मुंग्या-माशा बसल्या असतील, विहिरीत पडलं असेल किंवा आई मेलेली दिसली असेल, तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. येईपर्यंत सावलीत, शांत जागी ठेवा. गाईचं दूध पाजू नका, पिल्लं बऱ्याचदा त्यानेच दगावतात.

९. महाराष्ट्रात पिसोरी कुठे आहे?

मुख्यतः सह्याद्रीत. कोयना, चांदोली (ही दोन मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला), राधानगरी आणि भीमाशंकर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही त्याची नोंद आहे. आपल्याला यातलं भीमाशंकर मनाने सगळ्यात जवळचं. पंढरपुरात चंद्रभागा म्हणून जिच्यात आपण उतरतो ती भीमा तिथेच उगम पावते, आणि तिच्या उगमाच्या रानात पिसोरी आहे. महाराष्ट्राबाहेर पश्चिम घाटात केरळपर्यंत, पूर्व घाटात आणि मध्य भारतातल्या काही जंगलांत ते आढळतं.

१०. खातं काय?

पाला, कोवळे शेंडे, थोडं गवत आणि झाडाखाली पडलेली फळं. एवढ्याशा पोटाला नुसत्या सुक्या गवतावर भागवता येत नाही. म्हैस भाराभर काडी पोटात ठेवून सावकाश पचवते, पिसोरीला कमी जागेत जास्त ताकद देणारं खाणं लागतं. म्हणून उंबरासारख्या झाडाखालची पडलेली फळं त्याला मोलाची.

यातला सर्वांत सुंदर भाग आवळ्याचा आहे. दक्षिण भारतातल्या कोरड्या जंगलांत झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की चितळ, भेकर आणि पिसोरी जमिनीवर पडलेले आवळे गिळतात, दुसरीकडे जाऊन रवंथ करतात आणि रवंथ करताना बिया तोंडातून टाकून देतात. आवळ्याचं बी अशा रीतीने झाडापासून लांब पोचतं. तीन किलोचा प्राणी असा जंगलात आवळा लावत असतो.

११. त्याचा दिवस कसा जातो?

बहुतेक वेळ लपण्यात. उजाडलं की ढोलीत, कपारीत, ओंडक्याखाली शिरायचं आणि रवंथ करत, डुलकी घेत पडायचं. अंधार पडताना बाहेर निघायचं. ठिपके आणि तुटक पट्टे पाचोळ्यावर पडलेल्या कवडशांत इतके मिसळतात, की न हललेलं पिसोरी चार हातांवर असूनही दिसत नाही.

बिबट्या, रानकुत्री, अजगर, रानमांजर, मोठे शिकारी पक्षी अशा सगळ्यांच्या यादीत पिसोरी आहे. त्यावर त्याचे उपाय दोन. आधी गोठून जाणं, आणि ते फसलं तर दाट झुडपांतून वाकड्यातिकड्या वाटेने निसटणं. मोकळ्या मैदानावरची शर्यत त्याला झेपत नाही. म्हणून जंगलातली खालची झुडपं कापली, वणव्यात पाचोळा जळाला, पडके ओंडके सरपणाला नेले, की वरची झाडं तशीच उभी असूनही पिसोरीचं घर गेलेलं असतं. जंगल हिरवं दिसतंय म्हणजे त्याच्यासाठी शाबूत आहे असं मानू नये, हे मला इथे ठासून सांगायचं आहे.

१२. पिल्लं किती होतात? कळप करतं का?

कळप नाही. नर-मादी जोडीने दिसतात ते मिलनाच्या वेळी, एरवी मादी आणि तिचं पिल्लू एवढाच संसार. गर्भकाळ सुमारे पाच महिने, एका वेळी एक किंवा दोन पिल्लं. व्याल्यानंतर मादी लगेचच पुन्हा माजावर येऊ शकते. एवढे शत्रू असलेल्या प्राण्याला एवढी घाई लागतेच. पिल्लू जन्मल्यावर लवकरच उभं राहतं, पण पहिले दिवस लपूनच काढतं, प्रश्न ८ मधल्या पाडसासारखं.

१३. हे हरीण पाण्यात बुडी मारून बसतं हे खरं आहे का? आणि देवमाशाचा पूर्वज हेच का?

पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी हो. आफ्रिकेतली याच कुळातली जात शत्रू मागे लागला की पाण्यात उडी घेते आणि पाण्याखालून जाते. बोर्निओत आणि श्रीलंकेतही या प्राण्यांना पाण्यात दडताना पाहिलं गेलं आहे, श्रीलंकेतल्या प्रसंगात मागे मुंगूस लागलं होतं.

दुसऱ्याचं उत्तर नाही, पण प्रश्न अगदी वाजवी आहे. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून मिळालेल्या इंडोहायस नावाच्या प्राण्याच्या जीवाश्मांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक होता. तो दिसायला, आकाराला पिसोरीसारखा होता आणि पाण्यात वावरत असावा असं त्याच्या हाडांवरून दिसतं. साम्य आहे, वंश वेगळा. ज्या सातवीतल्या मुलीने हा प्रश्न पाठवला तिला शाबासकी.

१४. "नामशेष झालेलं छोटं हरीण तीस वर्षांनी सापडलं" ही बातमी आपल्या पिसोरीची का?

नाही, ती व्हिएतनामची. रुपेरी पाठीचं मूषकहरीण म्हणजे ट्रॅग्युलस व्हर्सिकलर, पिसोरीच्याच कुळातलं. १९१० साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं आणि १९९० नंतर त्याची पक्की नोंदच नव्हती. पुढे अभ्यासकांनी गावकऱ्यांना आणि वनरक्षकांना विचारायला सुरुवात केली. पाठीमागे करडं असलेलं, वेगळं दिसणारं मूषकहरीण आम्ही पाहतो, असं लोकांनी सांगितलं. त्यावरून समुद्राकाठच्या कोरड्या जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावले आणि प्राणी फोटोत आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही बातमी जगभर गेली.

स्थानिकांना तो प्राणी ठाऊक होता, हरवला होता तो शास्त्राच्या नोंदीतून. मात्र त्याच्यावरचं संकट खरं आहे. त्या देशातल्या जंगलांत तारेचे फासे अतोनात लावले जातात आणि फाशाला जात कळत नाही.

१५. जगातला सर्वांत लहान खुरांचा प्राणी कोणता?

पिसोरीचेच आग्नेय आशियातले नातेवाईक. जावा आणि मलाया भागातली मूषकहरणं दीड-दोन किलोची असतात. खऱ्या हरणांत सर्वांत लहान म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं पुडू, ते मात्र पिसोरीहून मोठं असतं.

१६. पिसोरी खरंच दुर्मीळ आहे का? एके ठिकाणी "चिंता नाही" असं वाचलं.

दोन्ही वाचलेलं बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत पिसोरी सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे, कारण त्याचा पसारा मोठा आहे आणि ते अनेक संरक्षित जंगलांत आहे. त्याच वेळी आपल्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्याच्या रांगेत. यादी सबंध जातीचा विचार करते. कायदा शिकारीचा आणि व्यापाराचा धोका बघतो.

माझं मत विचाराल तर ते दिसायला दुर्मीळ आहे. जंगलालगत आयुष्य काढलेली माणसंही ते क्वचितच पाहतात आणि तिथेच कॅमेरे लावले तर ते फोटोत येतं. पण एखाद्या डोंगरातून फासे, मोकाट कुत्री आणि वणवे यांनी ते संपलं, तर तेही असंच कोणाला न कळता संपेल. त्यामुळे "चिंता नाही" हे शब्द त्या जंगलाला लावता येत नाहीत.

१७. पाळता येईल का? मांस औषधी असतं असं ऐकलंय.

पाळता येणार नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा व्यापार केला तर किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये दंड आहे. पकडणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. काळवीट आणि चिंकारा यांनाही हेच लागू आहे. "पिल्लू सापडलं म्हणून वाढवलं" हा बचाव ठरत नाही, म्हणून प्रश्न ८ मधला क्रमांक जवळ ठेवा. औषधी गुणाला काहीही आधार नाही.

१८. पिसोरीपासून कस्तुरी मिळते का?

नाही. कस्तुरी मिळते ती हिमालयात उंचावर राहणाऱ्या कस्तुरीमृगाच्या नरात. त्याचं कुळ वेगळं. त्यालाही शिंगं नसतात आणि नराला बाहेर आलेले सुळे असतात, त्यामुळे फोटोंची सरमिसळ होते. यात्रेत, बाजारात कोणी कस्तुरीची गाठ म्हणून काही दाखवली तर घेऊ नका. खोटी असेल तर पैसे गेले, खरी असेल तर गुन्हा.

१९. जुन्या पुस्तकात शास्त्रीय नाव वेगळं आहे. कोणतं खरं?

जुनं पुस्तक त्याच्या काळात बरोबर होतं. पूर्वी भारत आणि श्रीलंकेतली पिसोरी एकच जात धरत आणि तिला मेमिन्ना म्हणत. २००५ साली कवट्या आणि रंगांचा पुन्हा अभ्यास होऊन तीन जाती वेगळ्या केल्या गेल्या. भारतातली मोस्किओला इंडिका, श्रीलंकेच्या कोरड्या भागातली मोस्किओला मेमिन्ना आणि ओल्या भागातली मोस्किओला कॅथिग्रे. प्रकल्पवहीत लिहिताना भारतासाठी इंडिका लिहा.

२०. मला बघायचंच आहे. सोलापूरहून कुठे जाऊ?

जंगलात दिसेल या आशेने कोयना-चांदोलीला जाऊ नका. जंगल बघायला जा. रात्री आत फिरायला परवानगी नसते आणि नसावीच. दिवसा वाटाड्याबरोबर ओढ्याकाठच्या ओल्या मातीत मात्र नजर ठेवा. दोन सेंटीमीटरच्या आसपासचे, जोडीने उमटलेले टोकदार खूर दिसले, तर रात्री कोणीतरी पाणी पिऊन गेलं आहे.

सोलापूरकरांसाठी त्याहून सोपी वाट हैदराबादची आहे. तिथल्या नेहरू प्राणी संग्रहालयात सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या मदतीने २०१० पासून पिसोरीचं संवर्धन-प्रजनन चाललं आहे आणि तिथे वाढलेल्या प्राण्यांपैकी काही पुढे तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडले गेले. सोमवारी संग्रहालय बंद असतं. निशाचर प्राण्यांच्या दालनाची त्या दिवशीची वेळ आधी विचारून घ्या. आत गेल्यावर काचेवर टकटक करू नका, फ्लॅश मारू नका. अंधाराला डोळे सरावेपर्यंत दोन-चार मिनिटं एका जागी उभे राहा, लोक तेवढ्यातच कंटाळून पुढे जातात आणि म्हणतात पिंजरा रिकामा होता.

२१. हैदराबादला वाढवतात, मग थोडी आणून आपल्या माळावर का सोडत नाहीत?

हा प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एक, ती जगणार नाहीत. कारणं प्रश्न ६ मध्ये आहेत. अमराबाद हे नल्लमला डोंगरांतलं, पिसोरीच्या मूळ पसाऱ्यातलं जंगल आहे. प्राणी परत आणायचा असतो तो जिथून गेला तिथे.

दोन, "मग झाडं लावून जंगल करू" असं पुढचं वाक्य ठरलेलं असतं. आपल्या माळाचं सगळ्यात जास्त नुकसान याच सदिच्छेने केलं आहे. गवताळ माळाला कागदोपत्री पडीक म्हटलं गेलं आणि नान्नजच्या परिसरातही वनीकरण म्हणून ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडं लावली गेली. माळढोक हा उघड्या जमिनीवर अंडी घालणारा, दूरवर नजर ठेवून जगणारा पक्षी. झाडांच्या रांगा आल्या की त्याची नजर अडते. शेतीचा बदल, विजेच्या तारा, माणसांची वर्दळ ही कारणंही आहेतच, पण ज्याच्या नावाने अभयारण्य झालं तो आज तिथे दिसणं दुरापास्त झालं आहे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक या सगळ्यांना गवत हवं आहे.

तीन, आपल्याकडे जपण्यासारखा लहान खुरांचा प्राणी नाही असं थोडंच आहे? चिंकारा आपल्या भागातला आहे, पाणी कमी लागणारा, काटक. त्याला हवाय तो न नांगरलेला माळ आणि मोकाट कुत्र्यांपासून सुटका. पिसोरीवर असलेलं प्रेम तिकडे थोडं वळवा.

२२. सह्याद्रीत फिरताना खरोखरच पिसोरी दिसलं तर काय करू?

उभे राहा, तेवढंच. पाठलाग नको, टॉर्च रोखून धरायची नाही. ते गोठलेलं असेल तर तुमच्या निघून जाण्याची वाट बघत असेल, म्हणून लवकर निघा. नंतर वहीत तारीख, वेळ, जंगलाचा प्रकार, ठिपके आणि गळ्याच्या रेघा दिसल्या का, एकटं होतं की जोडीने, आणि ते कुठे शिरलं हे लिहा. जवळच्या वनरक्षकाला सांगा. फोटो मिळाला असेल तर समाजमाध्यमांवर टाकताना नेमकी जागा लिहू नका, मोबाईल फोटोत ठिकाण नोंदवत असेल तर ते काढून टाका, तालुका पुरेसा आहे. आमच्याकडे पाठवणार असाल तर फोटो कापून, उजळ करून पाठवू नका. मूळ फोटो पाठवा, पायाशेजारचं पान किंवा दगड दिसत असेल तर आकार लगेच कळतो.